बर्फाखालून निघालेली गुलाबाची कोवळी झुडपे: वसंतात काय करावे आणि काय करू नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिनिअ‍ॅपोलिसच्या एका उपनगरात, म्हणजे अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, गेल्या मे महिन्यात गुलाबाची सहा रोपे लावली. त्यांपैकी तीन डोळा भरलेली, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या मुळांवर (खुंटावर) कलम केलेली, हायब्रिड टी आहेत, दोन 'नॉक आउट' या झुडपी जातीची आहेत आणि एक 'विल्यम बॅफिन' हा वेल आहे. ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या सवयीप्रमाणे त्यांची छाटणी केली आणि बुंध्याशी मातीचा ढीग लावला. मार्चअखेरपर्यंत सगळी झुडपे बर्फाखाली होती. आता एप्रिलच्या मध्यावर हायब्रिड टीच्या फांद्या वरून काळ्या पडल्या आहेत, एक 'नॉक आउट' जमिनीतून बोटभर वर उचलले गेले आहे, वेलाची साल बुंध्याजवळ कुरतडलेली आहे आणि ड्राइव्हवेलगतच्या झुडपाभोवतीची माती पांढरट दिसते आहे. ही झुडपे उपटावीत, छाटावीत की त्यांना खत द्यावे, असे आपण विचारले आहे.

आज यांतले काहीही करू नये, हे माझे पहिले उत्तर आहे. मी याच प्रदेशात बरीच वर्षे गुलाब सांभाळतो आहे. एप्रिलमध्ये मेलेले म्हणून लोकांनी उपटून टाकलेल्या झुडपांपैकी कितीतरी जमिनीखाली जिवंत होती. गुलाबाचे वरचे लाकूड आणि त्याचा जीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या हायब्रिड टीचा जीव सध्या खुंटावर डोळा भरला होता त्या गाठीत आणि तिच्याखालच्या मुळांत आहे. मातीच्या ढिगाखाली ती गाठ शाबूत असेल, तर वरच्या सगळ्या फांद्या गेल्या तरी जूनअखेर आपल्याला फूल दिसू शकते, कारण हायब्रिड टी त्याच वर्षीच्या नव्या फुटव्यावर फुलतो.

फांद्या काळ्या का पडल्या, हे समजले की पुढचे उपाय आपोआप सुचतील. थंडीने ऊती गोठतात तेव्हा बर्फाचे स्फटिक आधी पेशींच्या बाहेरच्या फटींत तयार होतात आणि पेशींतले पाणी बाहेर ओढून घेतात. फांदी आतून सुकत जाते. त्यातच जमीन गोठलेली असल्याने मुळांना पाणी उचलता येत नाही आणि फेब्रुवारी-मार्चचा कोरडा वारा व ऊन उघड्या फांदीतला ओलावा काढून घेतात. आपल्याला जी फांदी जळल्यासारखी दिसते, ती बऱ्याच अंशी वाळलेली असते. हायब्रिड टीच्या उघड्या फांद्या साधारण उणे १२ अंश सेल्सिअसच्या खाली धोक्यात येतात आणि आपला परिसर अमेरिकी कृषी खात्याच्या नकाशात चौथ्या व पाचव्या विभागांच्या सीमेवर आहे. चौथा विभाग म्हणजे हिवाळ्यातले सरासरी नीचतम तापमान उणे ३४.४ ते उणे २८.९ अंश सेल्सिअस. त्यामुळे उघड्या फांद्या जाणे येथे अपेक्षितच आहे. बर्फाला मात्र दोष देऊ नये. ताज्या बर्फात बहुतांश हवाच असते, म्हणून तो गोधडीसारखे काम करतो. फूट-दीड फूट बर्फाखालची जमीन बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी उबदार राहते. येथे गुलाबाचे खरे नुकसान होते ते बर्फ न पडता कडाका आला तर, किंवा मार्चमध्ये दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठण्याचे चक्र सुरू झाले तर.

ऑक्टोबरच्या छाटणीबद्दल स्पष्ट बोलणे आवश्यक आहे, कारण महाराष्ट्रातून आलेल्या जवळजवळ प्रत्येक गुलाबप्रेमीच्या हातून हे होते आणि माझ्याही हातून पहिल्या वर्षी झाले होते. पुण्यात पावसाळा सरला की ऑक्टोबरमध्ये छाटणी करतात, कारण तिथला हिवाळा हाच गुलाबाचा बहराचा हंगाम असतो आणि छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांनी फुले येतात. मिनेसोटात त्याच महिन्यात झुडूप नेमके उलटे काम करत असते. ते वाढ थांबवते, फांद्या लाकडासारख्या पक्क्या करते आणि पानांतला साठा खोडात व मुळांत उतरवते. अशा वेळी छाटले तर डोळे जागे होतात आणि नवी कोवळी फूट पहिल्याच कडाक्याला बळी पडते. त्या फुटीवर खर्च झालेला साठा झुडपाला वसंतात कमी पडतो. आपल्या हायब्रिड टीची अवस्था वाईट होण्यामागे हे एक कारण असावे, असे मला वाटते. मात्र बुंध्याशी मातीचा ढीग लावण्याची आपली कृती अगदी योग्य होती आणि मला वाटणारी बहुतेक आशा त्या ढिगामुळेच आहे.

आता तो ढीग कधी काढायचा हा प्रश्न येतो. पंचांगावर जाऊ नये, परिसरातल्या फोर्सिथियाच्या झुडपांवर लक्ष ठेवावे. त्यांच्या नुसत्या काड्यांवर पिवळी फुले उमलू लागली की जमीन पुरेशी तापली आहे, असे येथील जुने बागकाम करणारे मानतात. मलाही ही खूण तारखेपेक्षा भरवशाची वाटते, कारण मिनिअ‍ॅपोलिसमध्ये एक वसंत दुसऱ्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांनी सहज मागेपुढे होतो. त्यानंतरही ढीग एका दिवसात काढू नये. वरचे गळलेल्या पानांचे आच्छादन आधी काढावे, कारण ओल्या पानांखाली फांद्यांवर बुरशीचे चट्टे पडतात. मातीचा ढीग मात्र आठवडा-दहा दिवसांत दोन-तीन टप्प्यांनी खाली आणावा आणि त्यासाठी शक्यतो ढगाळ दिवस निवडावा. ढिगाच्या आत पांढरट, कोवळे कोंभ निघालेले असू शकतात. खुरप्याने ते चटकन मोडतात. म्हणून शेवटची माती मी हाताने सैल करतो आणि झारीच्या बारीक धारेने धुऊन काढतो. अंधारात वाढलेल्या या कोंभांना ऊन एकदम सोसत नाही, म्हणून दोन-तीन दिवस त्यांच्यावर जुने सुती कापड सैलसर टाकून ठेवावे.

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत येथे एखाद्या पहाटे तापमान शून्याखाली जाऊ शकते. रात्री आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल, तर संध्याकाळीच उलटी बादली किंवा जुनी चादर घालावी व सकाळी ऊन चढण्याआधी काढावी. प्लॅस्टिक पानांना चिकटेल असे घालू नये, कारण त्याला टेकलेले पान गोठते.

फांदी जिवंत आहे की नाही, हे बाहेरच्या रंगावरून ठरवू नये. नखाने साल अगदी हलकी खरवडावी. खाली ओलसर हिरवा थर दिसला तर फांदी तिथपर्यंत जिवंत आहे. तपकिरी, कोरडा थर दिसला तर नाही. पण ही परीक्षा पुरेशी नसते, आणि नवख्या माणसाची फसगत येथेच होते. सालीखाली हिरवे असते, पण फांदीचा मधला गाभा थंडीने तपकिरी झालेला असतो. अशा फांदीला एप्रिलअखेर पाने फुटतात, आपण आनंदतो आणि जूनच्या पहिल्या उष्ण आठवड्यात ती माना टाकते, कारण इजा झालेल्या लाकडातून वाढत्या पानांना लागणारे पाणी वर चढत नाही. म्हणून छाटताना गाभा पाहावा. सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) थोडे थोडे, दोन-तीन सेंटीमीटर खाली येत कापत जावे. गाभा तपकिरी असेल तर आणखी खाली यावे. तो ताज्या सफरचंदाच्या गरासारखा पांढरा किंवा किंचित हिरवट दिसला की थांबावे. वाटेत फांदी जमिनीपासून केवळ चार बोटे उरली तरी कचरू नये. तपकिरी गाभ्याची दोन फूट उंच फांदी राखण्यापेक्षा पांढऱ्या गाभ्याचे दोन इंच लाकूड राखणे कोवळ्या झुडपाच्या अधिक हिताचे आहे. अपवाद एकच आहे. झुडपावर एकही पांढऱ्या गाभ्याची फांदी नसेल आणि गाभा फिकट पिवळट किंवा हलका तपकिरी असेल, तर अशी एखादी फांदी तात्पुरती ठेवावी आणि खालून नवा फुटवा आल्यावर ती काढावी.

कापण्याची वेळही फोर्सिथियाचीच. डोळे फुगून लालसर दिसू लागले की जिवंत लाकूड कुठे संपते हे झुडूपच दाखवते आणि तपासणीचे निम्मे काम वाचते. काप बाहेरच्या दिशेला पाहणाऱ्या डोळ्याच्या सुमारे अर्धा सेंटीमीटर वर, किंचित तिरका घ्यावा. एका वर्षाच्या झुडपावर तीन-चार निरोगी फांद्या राहिल्या तर ते उत्तम, एक राहिली तरी ते जगू शकते. सालीवर जांभळट किंवा काळपट, कडा उठलेले चट्टे दिसले तर ते बुरशीचे व्रण आहेत असे समजून त्यांच्या खाली, निरोगी लाकडात कापावे. अशा प्रत्येक कापानंतर सिकेटरचे पाते ७० टक्के अल्कोहोलने पुसावे. कापलेले तुकडे वाफ्यात सोडू नयेत. पुण्याकडे कापावर बोर्डो पेस्ट हा बुरशीनाशक लेप लावण्याची पद्धत आहे. येथे मी ती लावत नाही. फक्त पेन्सिलीपेक्षा जाड फांदीच्या कापावर साधा पांढरा गोंद लावतो, कारण काही लहान कीटक उघड्या गाभ्यात पोखरून घर करतात.

जमिनीतून वर आलेल्या 'नॉक आउट'कडे मात्र वाट न पाहता याच आठवड्यात लक्ष द्यावे. ओली माती गोठताना फुगते, वितळताना बसते आणि या उठबशीत एका वर्षाचे, अजून खोल न रुजलेले रोप हळूहळू वर ढकलले जाते. त्याची वरची मुळे उघडी पडून वाळतात. रोप पायाने दाबून आत घालण्याचा मोह टाळावा, कारण खाली मुळे अडकलेली असली तर ती तुटतात. माती पूर्ण वितळली आहे याची खात्री करून बाजूने भरपूर पाणी द्यावे, माती लोण्यासारखी मऊ झाली की दोन्ही हातांनी बुंधा धरून हलकेच खाली बसवावा. तो जिथे अडेल तिथे थांबावे आणि उघडी राहिलेली मुळे बाहेरून आणलेल्या मातीने व कंपोस्टने झाकावीत. 'नॉक आउट' हा विल्यम रॅडलर यांनी शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीत घडवलेला आणि २००० साली बाजारात आलेला गुलाब आहे. तो बहुधा स्वतःच्या मुळांवर वाढवून विकला जातो, त्यामुळे तो जमिनीपर्यंत मेला तरी मुळांतून येणारी फूट अस्सल 'नॉक आउट'चीच असते.

डोळा भरलेल्या हायब्रिड टीचे तसे नसते. अमेरिकेत डोळा भरायला बहुतेक वेळा 'डॉक्टर ह्युई' हा खुंट वापरतात. वरचे कलम मेले आणि खुंट जगला, तर मे महिन्यात गाठीच्या खालून जोमदार, लांब, लवचीक फांद्या निघतात आणि त्यांवर हंगामात एकदाच गडद लाल, मध्यम आकाराची फुले येतात. आपण पिवळा किंवा गुलाबी गुलाब लावला असेल आणि लाल आला, तर हेच झालेले असते. पानातल्या पर्णिका, म्हणजे एका पानाची छोटी पाने, मोजावीत आणि सात भरल्या तर ती खुंटाची फूट समजावी असे सांगितले जाते, पण ते भरवशाचे नाही, कारण कित्येक कलमी गुलाबांनाही सात पर्णिका येतात. त्याऐवजी माती सारून फूट नेमकी कुठून निघाली ते पाहावे. ती गाठीच्या वरून असेल तर जपावी. गाठीच्या खालून असेल तर कापू नये, मुळाशी धरून झटक्याने खाली ओढून काढावी, कारण कापलेल्या बुडख्यावरून पुन्हा चार फुटतात.

वेलाबद्दल मी फार काळजी करणार नाही. 'विल्यम बॅफिन' हा कॅनडाच्या कृषी खात्याने नव्या प्रदेशांचा शोध घेणाऱ्या प्रवाशांची नावे देऊन काढलेल्या मालिकेतला गुलाब असून तो आपल्याकडच्यापेक्षा कडक हिवाळ्यातही टिकतो. बुंध्याजवळची साल बर्फाखाली बोगदे करून फिरणाऱ्या शेतउंदरांनी खाल्लेली असणार. सशाने खाल्ले असते तर फांद्या सुरीने कापल्यासारख्या तिरक्या, स्वच्छ तुटलेल्या दिसल्या असत्या. साल फांदीच्या अर्ध्याहून कमी परिघात गेली असेल तर ती फांदी तशीच ठेवावी. सगळीकडून गोल कुरतडली असेल, तर पाने फुटली तरी ती फांदी वाचत नाही आणि जखमेच्या खालूनच कापावी लागते. जुन्या, एकदाच फुलणाऱ्या गुलाबाच्या बाबतीत याचा अर्थ यंदा फुले नाहीत असा झाला असता. 'विल्यम बॅफिन' मात्र पुन्हा पुन्हा फुलणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे थोडी फुले मिळतील. बुंध्याभोवती बारीक छिद्रांची तारेची जाळी, काही सेंटीमीटर जमिनीत खुपसून, ऑक्टोबरअखेर लावावी.

ड्राइव्हवेलगतच्या झुडपाभोवतीचा पांढरा थर बहुधा रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा आहे. फावड्याने किंवा स्नो ब्लोअरने उडवलेला बर्फ वाफ्यात पडतो आणि त्याबरोबर मीठही येते. मिठामुळे मुळांना ओल्या जमिनीतही पाणी ओढता येत नाही आणि सोडियममुळे मातीची घडण बिघडते. जमीन पूर्ण वितळून निचरा सुरू झाल्यावर, दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा खोल पाणी देऊन हे मीठ मुळांच्या खाली धुऊन न्यावे. निचरा वाईट असेल तर नुसते पाणी ओतून उपयोग नाही, आधी कंपोस्ट मिसळून माती मोकळी करावी. पुढच्या हिवाळ्यात त्या बाजूला बर्फ टाकू नये किंवा ते झुडूप दुसऱ्या जागी हलवावे. मी असतो तर हलवले असते.

पाणी हा वसंतातला सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. बर्फ वितळला म्हणजे जमिनीत भरपूर ओल असणार, असे वाटते, पण एप्रिलचा वारा वरचा थर झपाट्याने कोरडा करतो आणि इजा झालेल्या झुडपाची मुळे थोडीच असतात. आठवड्याला पाऊस व सिंचन मिळून सुमारे २.५ सेंटीमीटर पाणी लागते. एका चौरस मीटरवर हे २५ लिटर होते. एका कोवळ्या झुडपाचे आळे साधारण अर्धा चौरस मीटर धरले, तर आठवड्याला १२ लिटर, म्हणजे एक मोठी बादली. पाणी देण्याआधी बोट मातीत दोन पेरे घालून पाहावे. ओल असेल तर थांबावे, कारण थंड, चिखल झालेल्या मातीत मुळे कुजतात.

खत आत्ता देऊ नये. आजारातून उठलेल्या माणसाला पहिल्या दिवशी पेज देतात, तसेच येथे धोरण ठेवावे. पाने नसलेले झुडूप खत वापरू शकत नाही आणि जास्त नत्र मुळांना भाजते. ढीग काढल्यानंतर कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट पाच सेंटीमीटर जाडीने पसरावे, बुंध्याला न टेकवता. नवे फुटवे १० ते १५ सेंटीमीटर झाले आणि त्यांची पाने तांबूस रंग सोडून हिरवी झाली की पाकिटावरच्या मात्रेच्या निम्मे संतुलित खत द्यावे, आणि तेही ओल्या मातीतच. जुलैनंतर नत्र कमी करावे आणि ऑगस्टच्या मध्यानंतर अजिबात देऊ नये.

हायब्रिड टीवर येणारी पहिली कळी वाटाण्याएवढी असतानाच खुडावी, हे सांगताना मला वाईट वाटते, कारण आपण वर्षभर त्या कळीची वाट पाहिली आहे. पण जमिनीपासून नव्याने वाढणाऱ्या झुडपाला आता पानांची गरज आहे. तयार होणारी साखर पाने आणि मुळे वाढवण्यासाठी गेली पाहिजे. पहिली एक फेरी खुडली तर ऑगस्टची फुले आकाराने मोठी येतात, असा माझा अनुभव आहे. कळी खुडताना खाली एकही पान काढू नये. 'नॉक आउट' आणि वेलाच्या कळ्या मात्र राहू द्याव्यात.

वाट किती दिवस पाहावी? मी जूनच्या मध्यापर्यंत पाहतो. तोपर्यंत गाठीवर फूट नसेल, तर बुंध्याजवळची माती सारून गाठ नखाने खरवडावी. ती आतून तपकिरी आणि मऊ असेल तर झुडूप संपले, आणि मग उपटताना मनात शंका ठेवू नये. ती हिरवी असेल तर आणखी दोन आठवडे द्यावेत. मला एकदा २४ जूनला, आशा सोडल्यावर, बोटाएवढा तांबडा कोंभ दिसला होता आणि तो गुलाब त्यानंतर कित्येक वर्षे फुलला.

रिकाम्या झालेल्या जागी पुन्हा हायब्रिड टी लावायचा असेल, तर कलमाची गाठ जमिनीखाली सुमारे १० सेंटीमीटर जाईल इतका खोल लावावा. पुण्यात गाठ जमिनीच्या वर ठेवतात आणि तिथे ते योग्यच आहे, येथे मात्र ती उघडी राहिली की पहिल्याच हिवाळ्यात जाते. सप्टेंबरपासून वाळलेली फुले खुडू नयेत. फळे धरू द्यावीत, म्हणजे झुडपाला वाढ थांबवण्याचा इशारा मिळतो. ऑक्टोबरमध्ये सिकेटर कपाटातच राहू द्यावे, फक्त वाऱ्याने हलून बुंधा सैल करतील अशा फार उंच फांद्या गुडघ्याच्या थोड्या वर आणाव्यात. येथील काही जाणकार तर पूर्ण झुडूप एका बाजूला वाकवून चरात पुरतात आणि एप्रिलमध्ये पुन्हा उभे करतात. त्या पद्धतीला मिनेसोटा टिप म्हणतात. सहाच झुडपे असतील तर ती आपल्याला जमेल, पण यंदा मुळे अशक्त असल्याने ती वाकवण्याचा ताण देऊ नये. रात्रीचे तापमान सलग काही दिवस शून्याखाली जाऊ लागले की बाहेरून आणलेल्या मातीचा ३० सेंटीमीटरचा ढीग लावावा. वाफ्यातलीच माती ओढून घेऊ नये, कारण त्याने वरची मुळे उघडी पडतात. जमीन गोठल्यावर त्या ढिगावर ओकची कोरडी पाने टाकून ती जाळीने अडकवून ठेवावीत.